टीचर, यादी खरी ठेवलीत म्हणून

सप्रेम नमस्कार टीचर,

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे निकाल मार्चअखेरीस येतील. ते काय लागायचे ते लागोत, तुमचे आभार मला त्याआधीच मानायचे होते. तेही चारचौघांत, कारण इथे गोव्यात, फोंड्याच्या आसपास, अजून कितीतरी घरांत तिकडच्या प्रवेशाचा अर्ज भरला जाईल.

लेकीने 'कॉमन अ‍ॅप' उघडलं, म्हणजे तिकडच्या अनेक विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज. त्यात अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांच्या यादीसाठी १० जागा दिसल्या आणि आमच्या घरात काळजी शिरली. एका सल्लागाराने लगेच वाट दाखवली. एक संस्था काढा, किनारा साफ करतानाचे चार फोटो घ्या, पदाच्या रकान्यात 'संस्थापक-अध्यक्ष' घाला. सगळेच करतात, म्हणाला. लेक तिथे एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे आली.

तुम्ही तिला उपदेश केला नाहीत, वही काढायला लावलीत. आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे, कोणत्या इयत्तेत, हे अर्जातच विचारलेलं असतं. शिगमा म्हणजे आमचा होळीचा सण, त्यात ढोल-ताशांवर नाचत निघणाऱ्या रोमटामेळाच्या तालमी त्याआधी थोडेच आठवडे चालतात, तर तेवढेच आठवडे लिहिले गेले. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, ती स्वयंसेवक होती, तसंच लिहिलं. पण पद नव्हतं म्हणून काम नव्हतं असं नाही, हे तुम्ही तिच्याकडून वदवून घेतलंत. लहान मुलींना ढोलाच्या ठेक्यावर पावलं टाकायला कोण शिकवत होतं? मेळ निघाला की त्यांना घरून आणून परत कोण सोडत होतं? वर्णनाला इंग्रजीत १५० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. त्यात हे मावलं.

आणि सासूबाईंचं. मी वेर्ण्याला शिफ्टमध्ये असते. त्यांचं इन्सुलिन, साखरेची नोंद, दुपारचं जेवण हे सगळं लेक बारावीतही करत होती. आमच्या लेखी ते घरचं काम, कुणी मोजलंच नव्हतं. अर्जात 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा वेगळा प्रकार असतो, हे तुम्ही दाखवलंत. ती ओळ भरून झाल्यावर लेकीने मला वाचून दाखवली. टीचर, त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी मुलगी एवढं सगळं करत होती, ते मी पहिल्यांदा एका ओळीत पाहिलं.

अर्जाच्या शेवटी सगळं खरं आहे अशी सही करावी लागते आणि खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशही जातो, हे तुम्ही आम्हां दोघांना बसवून समजावलंत. २०१९ साली तिकडे उघड झालेलं प्रकरणही सांगितलंत. पालकांनी पैसे मोजले, जो खेळ मुलं खेळतच नव्हती त्याचे खेळाडू म्हणून त्यांना दाखवलं गेलं, आणि पुढे काही पालक तुरुंगात गेले. लेकीच्या बाबांना त्यानंतर काही वेगळं सांगावं लागलं नाही. आता कोणी विचारलं की ते आधी तासांचा हिशेब करायला सांगतात. आठवड्यात १६८ तासच असतात, हे तुमचंच वाक्य.

शाळेकडून जाणारं शिफारसपत्र तुम्ही लिहिलंत. ते वाचण्याचा हक्क लेकीने अर्जातच सोडला आहे. त्यात काय असेल याची तिला जराही धास्ती नाही, कारण तिची यादी तुमच्यासमोर बसून, एकेक ओळ विचारून झाली आहे.

तुमची कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई, फोंडा