मोडलेल्या हाताला वेळेवर शस्त्रक्रिया हवी

मा. संपादक,

मळणीयंत्रात हात सापडून किंवा दुचाकीवरून पडून कोपर ते मनगट यांमधली दोन्ही हाडे मोडलेल्या माणसाला आपल्या मराठवाड्यात आजही अनेकदा आधी हाड बसवणाऱ्याकडे नेले जाते, आणि बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधलेला हात घेऊन तो काही दिवसांनी रुग्णालयात येतो. लहान मुलांची अशी हाडे बहुधा प्लास्टरमध्ये जुळतात. मोठ्या माणसांची सरकलेली हाडे मात्र प्लास्टरमध्ये सहसा जागेवर राहत नाहीत. या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे करंगळीच्या बाजूच्या अल्नाभोवती फिरते म्हणूनच तळहात उताणा-पालथा होतो. रेडियसचा नैसर्गिक बाक बिघडला, तर भाकरी थापणे, कुलूप उघडणे, खुरपे चालवणेही अवघड होते. त्यासाठीच दोन्ही हाडे सहसा ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूंनी धातूची पट्टी (प्लेट) लावून पक्की बसवतात आणि हात लवकर हलवायला लावतात. प्लेट टाकली की हात कायमचा अधू होतो, ही भीती निराधार आहे. खरा धोका घट्ट बांधणीचा आहे: बोटे ताणताना असह्य कळा आल्या किंवा बधिरता जाणवली, तर ती तत्काळ सोडून रुग्णालय गाठावे, कारण आतला दाब वाढून काही तासांत स्नायू मरतात. तालुक्याच्या रुग्णालयांना अस्थिरोगतज्ज्ञ आणि सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना हाडाची क्ष-किरण प्रतिमा दाखवणारे) यंत्र द्यावे, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड