समरकंदला जाणाऱ्यांसाठी

महोदय,

उझबेकिस्तानातील समरकंदच्या रेगिस्तान चौकात मिनारावर चढवून नेतो, असे सांगून कोणी पहारेकरी हळूच पैसे मागतो; त्याची पावती मिळत नाही आणि घासाघीस केली की रक्कम झपाट्याने उतरते, यावरूनच काय ते समजावे. रेल्वे स्थानकाबाहेरचे टॅक्सीवाले तोंडाला येईल ते भाडे सांगतात, म्हणून यांडेक्स गो अ‍ॅपवरील दर आधी पाहून घ्यावा. २०१७ च्या चलनसुधारणेनंतर बँकेतच रास्त दराने सोम (तिथले चलन) मिळत असल्याने रस्त्यावर डॉलर बदलण्याचे कारण उरलेले नाही. ‘पुरातन’ म्हणून गळ्यात मारला जाणारा गालिचा बहुधा नवाच असतो. आणि तो खरोखर ५० वर्षांहून जुना निघालाच, तर परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही!

– एक प्रवासी, पुणे