तारेचा गाभा षटकोनी असेल, तर वेटोळे सुटते कसे?

नाशिक
दिनांक : 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अकूस्टिक गिटारच्या तारांचे 12 सेट (फॉस्फर ब्रॉन्झ, लाइट, 12-53) सदोष निघाल्याबाबत व पाकिटावरील चुकीच्या मजकुराबाबत.

संदर्भ : आपले 11 ऑगस्टचे ई-मेल उत्तर.

महोदय,

गंगापूर रोडवरील आमच्या गिटार वर्गासाठी 21 जुलै रोजी आपल्या वेबसाइटवरून वरील तारांचे 12 सेट मागवले (12-53 म्हणजे पहिली तार 0.012 इंच आणि सहावी 0.053 इंच जाडीची). प्रत्येकी 640 रुपयांप्रमाणे 7,680 रुपये भरले. आतापर्यंत 9 सेट चढवले आहेत. त्यांपैकी पाच गिटारांवर चौथी तार आणि दोन गिटारांवर तिसरी तार पहिल्याच दिवशी बसली, म्हणजे तिचा नाद गेला. तुटली नाही. सूर बरोबर लागतो, पण मोकळी तार छेडली की ‘थड’ असा बोदा आवाज येतो, त्यामागे बारीक चरचर राहते आणि नाद लगेच विरतो. शेजारची पाचवी तार मात्र छान घुमत असते.

आपल्या उत्तरात दोनच वाक्ये आहेत. तारा ही झिजणारी वस्तू असल्याने बदलून मिळत नाहीत, आणि तार कापताना आमच्याकडून चूक झाली असावी. तारा झिजतात हे मान्य, पण चढवल्याच्या दिवशी नाही. कापण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण दोष नेमका तिथेच आहे.

आपल्या पाकिटाच्या मागे तार बसवण्याचे चित्र छापले आहे. त्यात खुंटीच्या पुढे साधारण दोन इंच तार सोडून बाकीची आधी कापायची आणि मग ते टोक खुंटीच्या भोकात घालायचे, असे दाखवले आहे. आम्ही तसेच केले. तारेचा गाभा, म्हणजे वेटोळ्याच्या आतली तार, षटकोनी असेल तर या पद्धतीत काहीच गैर नाही. षटकोनाचे कोपरे वरच्या ब्रॉन्झच्या वेटोळ्यात रुततात आणि तार कुठेही कापली तरी वेटोळे जागचे हलत नाही. गाभा गोल असेल तर त्याला अशी पकड नसते. म्हणून गोल गाभ्याची तार आधी काटकोनात मोडायची, मगच त्या मोडीच्या पलीकडे कापायची, हा नियम आहे. मोड न देता कापली की वेटोळे टोकाकडून सैल होते आणि ते सैलपण नटच्या (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) पुढेपर्यंत सरकते. मग गाभा आणि वेटोळे एकमेकांवर घासत राहतात, कंपनाचा जोर त्या घासण्यातच जिरतो आणि नवी कोरी तार वर्षभर वाजवल्यासारखी बोदी वाजते.

पाकिटावर पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘षटकोनी गाभा’ असे लिहिले आहे. म्हणून बसलेल्या एका चौथ्या तारेचे कापलेले टोक घेतले आणि दोन इंचांचे वेटोळे उलगडले. घड्याळजीच्या भिंगातून पाहिले तर आतली तार सरळ गोल दिसते. कडा नाही, सपाट बाजू नाही. सातपूरच्या एका टूलरूममध्ये मायक्रोमीटरने मोजून घेतली. तार फिरवत सहा ठिकाणी माप घेतले, सगळीकडे 0.40 मिलिमीटर. षटकोनी तारेत सपाट बाजूंवरचे माप आणि कोपऱ्यांवरचे माप वेगळे यायलाच हवे. न उघडलेल्या सेटमधल्या तिसऱ्या तारेचा गाभाही तसाच गोल निघाला.

म्हणजे पाकिटावर षटकोनी, आत गोल, आणि चित्र षटकोनी तारेचे. या तिन्हींतली एकच गोष्ट बदलली असती तरी हे नुकसान झाले नसते. गोल गाभा हा काही दोष नव्हे. मऊ, लवचीक तार हवी म्हणून अनेक वादक मुद्दाम तीच घेतात. पण मग पाकिटावर तसे लिहा, आणि ‘आधी मोडा, मग कापा’ हे मोठ्या अक्षरांत छापा.

जाडीबद्दल आमची तक्रार नाही, हेही नोंदवतो. पहिली तार 0.012 इंच आणि सहावी 0.053 इंच, दोन्ही मापे बरोबर भरली. मिश्रधातूही फॉस्फर ब्रॉन्झचाच, तांबूस दिसतो. बाजारात ‘80/20 ब्रॉन्झ’ (80 टक्के तांबे, 20 टक्के जस्त) म्हणून मिळते ते खरे तर पितळ. आमच्या भांडी बाजारात कोणीही सांगेल की तांब्यात जस्त मिसळले की पितळ आणि कथील मिसळले की कासे. 80/20 सुरुवातीला जास्त खणखणीत वाजते आणि लवकर मंदावते. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये कथील असते, आवाजाला ऊब असते आणि तो तुलनेने जास्त दिवस टिकतो. म्हणूनच शिकणाऱ्यांसाठी आम्ही हे निवडले होते.

याहून गंभीर बाब पाकिटावरच्या एका ओळीची आहे : ‘सर्व अकूस्टिक व क्लासिकल गिटारसाठी उपयुक्त’. ही ओळ कृपया ताबडतोब काढा. क्लासिकल गिटार नायलॉनच्या तारांसाठी बनते. त्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण 40 किलो असतो. आपल्या 12-53 सेटचा ताण नेहमीच्या सुरात 70 किलोच्या वर जातो. क्लासिकल गिटारच्या वरच्या फळीखालच्या पट्ट्या हलक्या असतात आणि बहुतेकांच्या नेकमध्ये (मानेत) ट्रस रॉडही, म्हणजे मान वाकू न देणारा धातूचा गजही, नसतो. स्टीलच्या तारा चढवल्या की आधी ब्रिजच्या (फळीवर तारा अडकवायची पट्टी) मागे फळी फुगते, मग ब्रिजची मागची कड सुटायला लागते. तिथे कागदाची कड आत जाऊ लागली की ओळखायचे, ब्रिज उखडणार. मुलासाठी गिटार घेणारे पालक पाकिटावर छापलेले वाचूनच तारा घेतात. त्यांनी दुसरे काय करायचे?

‘लाइट’ या शब्दाचेही तसेच आहे. नवशिक्याला वाटते, लाइट म्हणजे सगळ्यांत हलकी. प्रत्यक्षात तिच्या खाली 11-52 आणि 10-47 असे दोन सेट येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बोटांना 10-47 बरा. तार मऊ लागते, बॅरे कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायचा) लवकर जमतो, आवाज मात्र थोडा पातळ होतो. मोठ्या खोक्याच्या गिटारवर जोरात स्ट्रमिंग करायचे असेल तर 12-53 योग्य. बदल मोठा केला तर नेकचा ताण बदलतो, तेव्हा ट्रस रॉड तपासावा लागतो. एवढे दोन ओळींत पाकिटावर मावते.

तारा कधी बदलायच्या याबद्दल आपण छापले आहे : ‘वर्षातून एकदा किंवा तार तुटल्यावर’. रोज तासभर वाजवणाऱ्याला बिनकोटिंगच्या तारा चार ते सहा आठवड्यांनी बदलाव्या लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा वाजवणाऱ्याला दोन-तीन महिन्यांनी. ज्याच्या हाताला घाम जास्त, त्याला त्याआधीच. तुटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण तार तुटायच्या कितीतरी आधी बेसूर होते. घाम, तेल आणि मळ वेटोळ्यांच्या फटींत बसतो, तारेचे वजन लांबीभर सारखे राहत नाही. मग बाराव्या फ्रेटवरचा (मानेवरची धातूची आडवी पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर, आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळत नाहीत. नव्या तारांवर जुळत होते आणि आता नाहीत, तर दोष गिटारचा नाही. दुसरी खूण, तारेखालून नख फिरवा. फ्रेटच्या जागी खाच लागली की तार बदला. विद्यार्थी हे न कळल्याने महिनोन्महिने बेसूर तारांवर कान तयार करतात. याचे आम्हाला फार वाईट वाटते.

शेवटी पॅकिंग. एका सेटमधल्या पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर पाकीट उघडतानाच तपकिरी ठिपके होते. या दोन तारांवर वेटोळे नसते, नुसते मुलामा दिलेले स्टील. जुलैत नाशिकची हवा ओली असते आणि आपल्या तारा साध्या कागदी पाकिटात येतात. हवाबंद पिशवी हवी.

आमची मागणी अशी. सर्व 12 सेटचे 7,680 रुपये परत करावेत. उरलेले 3 सेट आणि काढून ठेवलेल्या 7 तारा आपल्या खर्चाने नेऊन तपासाव्यात आणि तपासणीचा निष्कर्ष लेखी कळवावा. गाभ्याचा प्रकार, क्लासिकल गिटारची ओळ आणि तार कापण्याचे चित्र, या तिन्ही गोष्टी पुढच्या छपाईत दुरुस्त कराव्यात. तोपर्यंत निदान वेबसाइटवरून क्लासिकल गिटारचा उल्लेख काढावा, त्याला छपाईची वाट पाहायची गरज नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवू. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. हा वर्ग आम्हा दोघांच्या चरितार्थाचे साधन आहे आणि तारा वर्गाच्या वापरासाठीच घेतल्या होत्या, विक्रीसाठी नाही.

बिलाची प्रत, पाकिटाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि उलगडलेल्या गाभ्याचे भिंगातून घेतलेले छायाचित्र सोबत जोडले आहे.

कळावे.

आपले,
गिटार वर्गाचे दोन शिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक