दिवेआगर-हरिहरेश्वर सहल : निघण्यापूर्वी जरूर वाचा

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी पहाटे साडेपाचला बस स्वारगेटहून सुटेल. त्याआधी त्सुनामीबद्दल थोडं.

"आपल्याकडे कुठली त्सुनामी?" असं काहीजण म्हणाले. पण नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या (आताच्या पाकिस्तान-इराणच्या) भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या आणि माणसं दगावली होती. एवढ्या लांबचा भूकंप कोकणात जाणवेलच असं नाही, म्हणून मोबाइलवरचा इशारा बंद ठेवू नका. आपल्या देशाचं त्सुनामी इशारा केंद्र हैदराबादला आहे.

जमीन बराच वेळ हादरली, किंवा भरतीची वेळ असूनही पाणी झपाट्याने आत ओढलं गेलं आणि ओला तळ, तडफडणारे मासे उघडे पडले, तर इशाऱ्याची वाट बघू नका. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तेच बघायला पुढे गेलेले कितीतरी जण परतले नाहीत. शिंपले नकोत, फोटो नको. चपला राहू देत, मुलांचा हात धरा आणि पायीच टेकडीकडे निघा. वाडीतल्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात. खाडीच्या काठाने जाऊ नका, लाट खाडीतूनही आत शिरते. टेकडी लांब असेल तर पक्क्या काँक्रीटच्या इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याहून वर.

पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरायचं नाही. पुढची मोठी असू शकते, आणि हे तासन्‌तास चालतं.

मुक्कामी पोचल्यावर चहाआधी सगळे मिळून वरच्या बाजूची वाट चालून बघू. गुडघेदुखी असलेल्यांनी आजच कळवा, प्रत्येकासोबत एक तरुण सभासद नेमायचा आहे.

– सहल समिती