रील बघून मत ठरतंय

संपादक साहेब,

माझ्या भाच्याला नुकतं 18 पूर्ण झालं, मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरायला मीच मागं लागलो, पण कोण आवडतं विचारलं तर लगेच नेत्याचं नाव सांगितलं आणि का विचारलं तर मोबाईल काढून रील दाखवली, स्लो मोशनमध्ये गाडीतून उतरणारा नेता, मागं सिनेमाचं गाणं, बस. आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण हे मात्र माहीत नाही, नळाला इतक्या दिवसांनी पाणी का येतं हा प्रश्न त्याला राजकारणाचा वाटतच नाही. पोराचा दोष नाही हो, घरात आम्ही तरी कधी बोललो यावर?

पूर्वी मतदानाचं वय 21 होतं, 1989 पासून 18 झालं, पोरांवर विश्वास ठेवूनच ना. आणि सोलापूरच्या पोरांना तर हे रक्तातच पाहिजे. स्वातंत्र्यलढ्यात 1930 साली इंग्रजांनी इथं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला, 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा चौकातनं रोज जाणाऱ्या पोरांना चौघांची नावं विचारून बघा, मी विचारली, दोघांच्या पुढं कुणी गेलं नाही, मला फार वाईट वाटलं.

रील बंद करा म्हणत नाही मी. कॉलेजांनी महापालिकेची सभा दाखवायला पोरांना न्यावं, आणि तुम्ही पेपरात आठवड्यातनं एकदा एका प्रभागाचा हिशोब सोप्या भाषेत छापा, भाच्याला मी वाचायला लावतो.

एक वाचक, सोलापूर