नाना, पैसे परत पाठवलेत

ती. नाना आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

नाना, क्विक हील या अँटिव्हायरसच्या कंपनीचे शेअर घ्यायला पाठवलेले पैसे काल तुमच्याच खात्यात परत टाकले. रागावू नका. फोनवर तुम्ही मला बोलूच दिलं नसतं, म्हणून लिहितेय.

अमळनेरच्या आत्याकडचे विप्रोचे शेअर तुमच्या डोक्यात आहेत, ठाऊक आहे मला. पण ते वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिले म्हणून फळले. आपल्याला तर आईच्या गुडघ्यांसाठी पैसे लागणार आहेत, तेही लवकरच.

क्विक हील वाईट नाही हो. पुण्यात आपल्या मराठी भावांनी उभी केलेली, मलाही कौतुक आहे. पण २०१६ साली तिचा शेअर ३२१ रुपयांना विकला आणि बाजारात आला त्याच दिवशी त्याखाली घसरला. घरगुती अँटिव्हायरसवर ती मोठी झाली. आता विंडोजसोबत मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस, डिफेंडर, फुकट मिळतो. म्हणून ती सेक्राइटच्या नावाने कंपन्यांच्या कॉम्प्युटर सुरक्षेची कामं धरतेय. तिथे जम बसतो का, ते मी दर तिमाहीला बघेन. माझ्या पगारातून थोडे घेतलेतही.

फसवणूक वाढली की यांचा धंदा वाढणार, असं तुम्ही म्हणता. पण आपल्या गल्लीतल्या सरांनी खोट्या पोलिसाच्या फोनला घाबरून स्वतःच पैसे पाठवले. तिथे अँटिव्हायरस काय करणार? आणि केळीला मागणी असली म्हणून बागवाल्याला भाव मिळतोच का? केळीच्या पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या पावतीच्या, मागे हिशेब मांडून तुम्हीच मला बेरीज करायला लावायचे, आणि चुकलं तरी शेवेची पुडी द्यायचेच.

याच धंद्यातली अमेरिकेची क्राउडस्ट्राइक कंपनी तर केवढी मोठी! १९ जुलै २०२४ ला तिच्या एका बिघडलेल्या अपडेटने ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले. शेअर दोन-तीन आठवड्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडला. पुढे सावरला, पण आईचं ऑपरेशन तेवढं थांबवायचं का?

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना घ्या. ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला. फॉर्म भरून पाठवलाय, खुणा केल्यात तिथे सह्या करा, नॉमिनी आई. कूलरची मोटर बदलून घ्या, पैसे मी देते. आई, बिबड्या वाळवायला भर दुपारी गच्चीवर जायचं नाही. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरायची नाही. आणि अनोळखी फोनवर कुणी अटकेची भाषा केली, तर आधी फोन ठेवा, मग मला लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

तुमचीच,
ताई