भोकाचे शिंपले

सिअ‍ॅटल,
१३ जुलै

प्रिय बाळ्या,

तुझ्या ताईला माळ करायला आपण पुळणीवर भोकाचे शिंपले वेचायचो, आठवतंय? प्रत्येकाला बिजागरीपाशी एकच गोल भोक. वाळूत घासून पडतं, असं तू छातीठोकपणे सांगायचास. साफ चूक! ते खून होते रे, आणि खुनी एक शंख.

इथं प्युजेट साउंड नावाच्या खाडीच्या वाळूत त्याचा मोठा भाऊबंद राहतो. लुइसचा मून स्नेल. १८०५ साली अमेरिका ओलांडून पॅसिफिकला पोचलेल्या मेरिवेदर लुइसचं नाव त्याला दिलंय. शंख १४ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, पण पाय पसरला की हा एवढ्याशा घरात मावतो कसा, असं वाटतं. परवा ओहोटीला एकाला बोट लावलं, तर पिचकारीसारखं पाणी सोडत आक्रसला आणि दार लावून गप्प.

याची शिकार अशी: वाळूखालून सरकत एखादी तिसरी, म्हणजे जिवंत शिंपली, गाठायची, पायानं कवटाळायची आणि भोक पाडायला बसायचं. सोंडेपाशी एक ग्रंथी असते. तिच्या आम्लानं कवच मऊ करायचं, दातेरी जिभेनं खरवडायचं, पुन्हा आम्ल, पुन्हा खरवड. दिवसाला जेमतेम अर्धा मिलिमीटर! आपल्या गवंड्यापेक्षाही सावकाश. आरपार झालं की सोंड आत घालून मांस फस्त. भोक वर रुंद, आत अरुंद; स्क्रूचं डोकं बसवायला सुतार करतो तसं. काही शिंपल्यांवर नुसताच खळगा दिसतो, म्हणजे काम अर्ध्यावर सुटलं. आणि जातभाईही सोडत नाहीत हो, परवा एक मून स्नेलचाच शंख मिळाला, भोकासकट.

माझा गाढवपणा ऐक. पहिल्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर करड्या रबराच्या तुटक्या कॉलरसारखं काहीतरी पडलं होतं. लोक काय काय टाकतात म्हणत मी ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ती त्याची अंडी होती! वाळू आणि चिकट द्रव यांची ती पट्टी मादी स्वतःभोवती वळते, अंडी त्या थरांत. किती हजार जीव डब्यात गेले कोण जाणे. आता तशी दिसली की वळसा घालून जातो.

तुझ्याकडचे मूठभर शिंपले बघ ना. भोक वर रुंद असेल तर याच्याच खानदानातलं, सरळ नळीसारखं असेल तर बहुधा काटेरी शंखांपैकी कुणाचं तरी. फोटो पाठव. ताईची माळ अजून असेल तर तीही बघ.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू